अवलंबित नवऱ्याचं कार्ड

ती. आत्यास,

दोन्ही हात जोडून आणि कमरेतून निम्मंच वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो असतो, पण सामान हलवताना पाठीत उसण भरली आहे. नमस्कार अर्धा म्हणून आशीर्वादही अर्धाच देशील इतकी काही तू हिशेबी नाहीस.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? आणि मुख्य म्हणजे कवळी? खालची अजून टोचते का? आयुष्यभर लोकांच्या कवळ्या करून पोट भरलं, कोणाची तक्रार आली नाही, आणि नेमकी घरच्या माणसाची टोचावी, हे माझं नशीब. टोचत असली तरी कानशीने घासू नकोस. तू घासशील म्हणूनच लिहितो आहे.

आम्ही दोघंही मजेत आहोत. (हे वाक्य कप्तानने सांगितलं तसं लिहिलं.) कप्तान म्हणजे तुझी भाचेसून. ती सैन्यात खरोखरच कॅप्टन आहे, पूल बांधणाऱ्या तुकडीत. पण मी घरातही तिला कप्तानच म्हणतो आणि ती ओ देते. परवा फोनवर तू विचारलंस, की लग्न झालं, राहायला घर मिळालं, आणि तरी रोज कार्ड-कार्ड काय करतोस? फोनवर सांगता येण्यासारखी ती गोष्ट नव्हती, शिवाय माझा आवाज कापत होता आणि तो तुला कळला असता. आता कार्ड हातात आलं आहे, तेव्हा बैजवार लिहितो.

त्याचं असं आहे, आत्या. ही छावणी म्हणजे चारी बाजूंनी भिंत आणि मध्ये एक गेट. घर, दुकान, दवाखाना, सगळं आत. ज्याच्याकडे कार्ड तो आत, नाही तो बाहेर, मग तो कोणाचा का नवरा असेना. लग्नानंतर मी इथे आलो तेव्हा मला एक तात्पुरता कागदी पास मिळाला होता. तो मी इतक्यांदा उघडून तारीख बघितली, की घडीवर कागद विरला आणि नेमकी तारीखच दिसेनाशी झाली. पण मला ती पाठ होती. शुक्रवार. शुक्रवारी पास संपणार, आणि सोमवारी कप्तान तिच्या तुकडीबरोबर जाणार. कुठे, ते ती सांगत नाही. पूल बांधायला, एवढंच सांगते, जणू शेजारच्या ओढ्यावर फळी टाकून संध्याकाळी परत येणार आहे. (तिथे फोन लागत नाही म्हणे. म्हणजे ओढा नक्कीच नाही.) आणि कार्ड करायला सैनिकाला स्वतः शेजारी उभं राहून सही करावी लागते. म्हणजे ते शुक्रवारच्या आत झालं नाही तर सोमवारनंतर कप्तान तिकडे, माझं दाढीचं सामान आणि चपला भिंतीच्या आत, आणि मी भिंतीच्या बाहेर. कवळ्यांच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आलो आहे, तेव्हा परत जायलाही तोंड नाही. तुला माहीत आहे, मला तसंही कशाचीही काळजी वाटते. इथे तर आयतं कारण मिळालं होतं.

पहिल्यांदा मी एकटाच गेलो. कप्तानचा सराव होता, ती म्हणाली तू आधी कागद दाखवून ये. मी कागदांची फाईल केली होती. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, लस टोचल्याचा दाखला, आणि लहानपणी पोहण्याच्या वर्गात मिळालेलं प्रशस्तिपत्रक. (शेवटचं कशाला, असं कप्तानने विचारलं. मी म्हटलं असावं. ती पूल बांधते, तिला बुडायची भीती काय कळणार.) ओळखपत्रांचं ऑफिस म्हणजे गेटच्या बाहेरच्या अंगाला एक लांबट, बुटकी इमारत, एक खिडकी, आणि समोर एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या खुर्च्यांची रांग. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी: ‘अवलंबितांनी येथे बसावे.’ मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बायका, काहींच्या मांडीवर मुलं. मी उभाच राहिलो, तर एक वयस्क बाई विणता विणता म्हणाल्या, की साहेब, तुमचं काम असेल तर आमच्या आधी करून घ्या, तुम्हाला ड्यूटीवर जायचं असेल. मी त्यांना सांगणार होतो की मला कुठेही जायचं नाही, मला फक्त घरी जाता यावं एवढंच पाहिजे. त्याऐवजी मान हलवून बसलो.

बसलो आणि माझा पाय हलायला लागला. तू त्या पायावरून मला लहानपणी किती रागावली आहेस! आता खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे माझा एक पाय हलला की सगळी रांग हलायची. माझ्या लक्षात आलं तसा मी गुडघ्यावर हात दाबून पाय थांबवला. त्याबरोबर दुसऱ्या टोकाला एक तान्हं मूल रडायला लागलं. त्याची आई वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, “दादा, थांबू नका हो, आत्ता कुठे झोपलं होतं!” मग काय, माझा नंबर येईपर्यंत मी इमानेइतबारे पाय हलवत बसलो. माझ्या घाबरटपणाचा कोणाला तरी उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ.

खिडकीतल्या बाई म्हणजे शांतपणाचा दगड. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, आवाज एका पट्टीत. रागावणाऱ्या माणसाची मला कमी भीती वाटते, तो निदान कधीतरी थकतो. बाईंनी माझी फाईल न उघडता विचारलं, “साहेब, मिसेस कुठे आहेत? कार्ड त्यांचं आहे ना?”

“मीच मिसेस आहे,” मी म्हणालो.

आत्या, मला म्हणायचं होतं की कार्ड माझंच आहे. पण तोंडाला कोरड पडली की शब्द आपापल्या सोयीने बाहेर येतात. मागे सुया थांबल्या. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं आणि आवाजाची पट्टी न बदलता म्हणाल्या, “बरं. मग मिस्टरांना घेऊन या.”

पुढे खुलासा झाला. बाईंनी हसून न घेता पती-पत्नीची जागा बदलली (कॉम्प्युटरला ते पटेना, त्याने तीनदा विचारलं की नक्की का, आणि मलाही क्षणभर शंका आली). पण मग त्यांनी कागद शेजारी शेजारी लावले आणि बोट ठेवलं. लग्नाच्या दाखल्यावर माझ्या आडनावात दीर्घ वेलांटी. शाळेच्या दाखल्यावर ऱ्हस्व. मी तुला दोष देत नाही. शाळेत माझं नाव तू घातलंस आणि वेलांटीही तूच काढलीस, पण तेव्हा तुला काय कल्पना, की तुझा भाचा पुढे सैन्याच्या ताब्यात जाणार आहे. मी बाईंना म्हटलं, उच्चार तर एकच आहे. त्या म्हणाल्या, आम्ही ऐकत नाही, वाचतो. कागदाच्या दृष्टीने हे दोन वेगळे इसम आहेत. तेव्हा सैनिकाला त्यांच्यासमोर लिहून द्यावं लागेल. आणि तो सैनिक त्या वेळी कुठेतरी चिखलात खांब रोवत होता.

मधल्या दिवसांत मी काय केलं ते विचारू नकोस. भूक नव्हती. कपाटातले सगळे जुने कागद काढून माझी आडनावं तपासली. जवळजवळ निम्मी ऱ्हस्व आणि निम्मी दीर्घ निघाली. म्हणजे मी इतकी वर्षं दोन माणसांचं आयुष्य जगत होतो आणि कोणी एक शब्द बोललं नाही. कप्तान सरावावरून यायची, जेवायची, माझ्याकडे बघून म्हणायची की शुक्रवारी होईल रे. तिचं ‘होईल’ आणि माझं ‘होईल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ती होईल म्हणते तेव्हा नदीवर पूल होतो. मी म्हणतो तेव्हा मला घाम फुटतो.

शुक्रवार उजाडला आणि नेमकी ती सकाळी तुकडीची सामान-तपासणी. दुपारी येते म्हणाली. मी ऑफिसात जाऊन बसलो. विणणाऱ्या बाई त्या दिवशीही होत्या. त्यांचे मिस्टर सैन्यातून निवृत्त झालेले, आणि कार्ड नवं करून घ्यायला त्या आल्या होत्या, मशीन बिघडल्याने त्यांचं राहिलं होतं. मशीन बिघडतं हे ऐकून मी खिडकीतून वाकून त्याचा दिवा लागलेला आहे का ते बघून आलो. बायका येत होत्या, कार्ड घेऊन जात होत्या. मी प्रत्येकीला माझ्या आधी जाऊ देत होतो, कारण माझा सैनिकच आला नव्हता. शेवटी खिडकीतल्या बाईंनी आपला डबा पिशवीत भरला. आत्या, सरकारी माणसाने डबा पिशवीत भरणं याइतकं भयंकर दृश्य जगात दुसरं नाही. मी उठून खिडकीपाशी गेलो आणि विचारलं, की समजा आज झालंच नाही तर? त्या म्हणाल्या, “तर सोमवारी या.” मी म्हटलं सोमवारी ती नसेल. तेव्हा त्यांनी डब्याची पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं बघितलं. आणि त्या बसून राहिल्या.

कप्तान आली ती धावत, गुडघ्यांपर्यंत चिखल, आणि टोपी काखेत. दारातली फरशी पुसणारा माणूस तिच्याकडे बघून काही बोलणार होता, पण तिच्या खांद्यावरचे तारे बघून बाजूला झाला. बाईंनी कोरा कागद पुढे केला. कप्तान झरझर लिहायला लागली: ‘ऱ्हस्व व दीर्घ वेलांटीचे दोन्ही इसम माझे पती असून...’

“थांबा,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “दोन्ही इसम एकच आहेत हे आधी लिहा, पती मग लिहा. नाहीतर भलतंच होतं.”

मागे विणणाऱ्या बाईंना ठसका लागला. कप्तानने कागद फाडला, दुसरा घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की एकाला सांभाळताना नाकी नऊ येतात, दोन कोण करणार. मी हसलो नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

मग फोटो. पडद्यासमोर स्टुलावर बसायचं, चष्मा काढायचा. चष्मा काढला की मला फक्त उजेड दिसतो, त्यामुळे मी कॅमेऱ्याऐवजी पाण्याच्या पिंपाकडे बघत बसलो होतो असं नंतर कळलं. बाई म्हणाल्या, हसू नका. मी हसत नव्हतो. पण भीती वाटली की माझे ओठ आपोआप मागे जातात (आणि धंद्यामुळे दात दाखवायची सवय, गिऱ्हाइकाला कवळी दाखवताना आपण आपोआप आपले दात पुढे करतो). “दात आत घ्या,” बाई म्हणाल्या. मी घेतले. मग मान ताठ करा म्हणाल्या, तोच पाठीतली उसण बोलली आणि त्याच क्षणी फोटो निघाला. फोटोतला माणूस बघून मला वाटलं, याला आत घेऊ नये.

खरी कसोटी पुढेच होती. बोटांचे ठसे. काचेवर बोट ठेवायचं आणि यंत्राने हिरवा दिवा लावायचा. माझ्या बोटाला लाल. दुसऱ्या बोटाला लाल. दहाही बोटं झाली, सगळी लाल. बाईंनी पडद्यावरचं वाचून दाखवलं, “बोट नाही म्हणतंय.” मी दोन्ही पंजे खिडकीत आडवे धरले, की ही बघा आहेत! तेव्हा उलगडा झाला. आयुष्यभर कवळ्यांना पॉलिश करताना मी त्या घासण्याच्या भुकटीत बोटं बुडवून बसलो होतो. दात चकचकीत झाले आणि माझे ठसे पुसले गेले. म्हणजे आडनावं दोन, आणि बोट एकही नाही. असा माणूस सैन्याने आत का घ्यावा, तूच सांग. मी असतो तर घेतला नसता.

कप्तान माझे हात धरून बोटं उजेडात तपासायला लागली, भेग पडलेला खांब तपासावा तशी. तिच्याही कपाळावर आठी होती, आणि मी तिच्या कपाळावर आठी फार कमी वेळा पाहिली आहे. तेवढ्यात विणणाऱ्या बाईंनी पर्समधून मलमाची डबी काढली. त्यांचे मिस्टर तोफखान्यात होते, त्यांच्या बोटांना हेच झालं होतं म्हणाल्या. डोकं लढवत बसू नका, चोळा. मग एका हाताला कप्तान आणि दुसऱ्या हाताला त्या, अशा दोघी माझी बोटं चोळत बसल्या. सरकारी ऑफिसात, सगळ्यांच्या समोर! मला लाजेने कुठे बघावं ते कळेना, म्हणून त्या पिंपाकडेच बघितलं. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीला हिरवा दिवा लागला. फक्त करंगळीला. बाई म्हणाल्या चालेल. तेव्हा सैन्याच्या दफ्तरात तुझा भाचा म्हणजे एक डावी करंगळी आहे, एवढं लक्षात ठेव.

त्यानंतर बाईंनी कप्तानला काही नेहमीचे प्रश्न विचारले, ते सगळ्यांनाच विचारतात. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मग यंत्राने घरघर केली आणि कार्ड बाहेर आलं, हाताला गरम लागत होतं. त्यावर माझं नाव (दीर्घ), तो फोटो, नातं पती, आणि खाली ठसठशीत अक्षरात ‘अवलंबित’. विणणाऱ्या बाईंनी ते वाचून माझ्या पाठीवर थाप मारली (नेमकी उसणीवर) आणि म्हणाल्या, आता झालात आमच्यातले.

गेटवर जो शिपाई इतके दिवस माझा विरलेला कागद न बघता मला आत सोडत होता, हसून हात करत होता, त्याने कार्ड बघितल्यावर मला पहिल्यांदा अडवलं. कार्डाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. म्हणाला, “हे तुम्ही?” मी चष्मा काढला, ओठ मागे घेतले, मान ताठ केली, तोच पाठीत कळ आली. तो म्हणाला, “हां, तुम्हीच,” आणि आत सोडलं. कप्तान पलीकडे उभी राहून इतकी हसली, की तिला टोपी तोंडावर धरावी लागली.

तर असा हा प्रकार झाला. आज रविवार आहे, कप्तान आतल्या खोलीत सामान बांधते आहे, आणि मी तिला मदत करू नये असं तिने सांगितलं आहे (मी मोजे दोनदा मोजले म्हणून). इथे सगळं ठीक आहे. घरात पाणी चांगलं येतं, खिडकीतून मैदान दिसतं, शेजारीपाजारी बोलणारे आहेत. माझी काळजी करू नकोस. पुढच्या महिन्यात छावणीतल्या दवाखान्यात कवळ्यांचं काम मिळेल असं दिसतं, बोलणं झालं आहे. तू तब्येतीला जप, ओल्या फरशीवर चालू नकोस, आणि उत्तर सवडीने लिहिलंस तरी चालेल.

तुझ्या धाकातला आणि तुझ्याच लाडातला,
तुझा भाचा

ता. क. : बाबांना कार्डावरचा तो शब्द सांगू नकोस. त्यांनी विचारलं तर म्हणावं, तो सैन्याच्या कागदोपत्री लागला आहे. खोटं नाही ते.

ता. क. दुसरा : सवडीने नको, लवकर लिही. वर मी नेहमीच्या प्रश्नांबद्दल लिहिलं आणि पुढे गेलो, ते नीट केलं नाही. बाईंनी कप्तानला विचारलं होतं, की काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं. कप्तान म्हणाली, यांना. बाईंनी माझं नाव लिहिलं आणि विचारलं, घरात यांच्याबरोबर आणखी कोण असतं? कप्तान म्हणाली कोणी नाही. तेव्हा बाई अगदी हळू म्हणाल्या, “असा निरोप आम्ही एकट्या माणसाला देत नाही. कोणीतरी जवळ असावं लागतं. एक नाव द्या.” कप्तान गप्प राहिली. मीच बोललो. तुझं नाव दिलं, आत्या, तुला न विचारता. तू स्वतःच्या घराबाहेर झोपत नाहीस, परक्या उशीवर तुला डोळा लागत नाही, हे सगळं माहीत असून दिलं. निरोप काही यायचा नाही. पण तो येऊ नये म्हणून तरी जवळ कोणी असावं, असं मला वाटतं, आणि ते कोणाला सांगता येत नाही. तुझी उशी घेऊन ये. पाहुण्यांच्या पासावर आता मी सही करू शकतो.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात : आत्या, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून मी वाचलं, यांना सांगू नका. यांनी तुम्हाला लिहिलं आहे की मी गप्प राहिले. तो प्रश्न मला नवा नव्हता. याआधी प्रत्येक वेळी मी आईचं नाव लिहून पुढच्या रांगेत जायची, हात कधी थांबला नाही. या वेळी यांचं नाव सांगितलं आणि पुढे मला माझा सैन्यातला नंबरही आठवेना. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, सावकाश सांगा. हे तेव्हा मलमाचे हात माझ्या बाहीला पुसत होते आणि मला म्हणत होते, होईल गं. म्हणून त्यांच्या ‘होईल’ला नावं ठेवू नका. मला माणसांना हुकूम द्यायची सवय आहे, पण तुम्ही माझ्या हाताखालच्या नाही, तेव्हा तुम्हाला या असं मी म्हणू शकत नाही. पण या.